लघवीतून रक्त गेलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं. तिथंच आम्ही चुकलो.

हळदपेठ | शुक्रवार, रात्री १०.१५

आज अण्णांची ऑपरेशननंतरची तिसरी दुर्बिणीची तपासणी झाली. मूत्राशय, म्हणजे लघवीची पिशवी, आतून स्वच्छ आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर देवापुढं साखर ठेवली, आईला चहा करून दिला आणि हे लिहायला बसले. दहा महिने लिहायचं मनात होतं, हात धजत नव्हता. वडिलांच्या लघवीबद्दल लेकीनं चारचौघांत लिहायचं म्हणजे संकोच होतोच. शेवटी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही. मी लाजलो म्हणून सात महिने गेले. दुसऱ्याचे जायला नकोत."

अण्णांचं वय ६४. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात चौतीस वर्षं गेली. बिडी सोळाव्या वर्षापासून, दिवसाला एक बंडल. बाकी शुगर नाही, बीपी नाही, दवाखान्याची पायरी कधी चढले नव्हते.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. होळी होऊन गेली होती, ऊन तापलं होतं. संडासाच्या पांढऱ्या भांड्यात त्यांना लाल दिसलं. दोन दिवस कुणाला बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी नीट पडलं नव्हतं म्हणून आईला दिसलं. आईनं विचारलं, दुखतंय का, जळजळतंय का? काहीच नाही. ताप नाही, कंबर दुखत नाही. मग आमच्याकडं कुठल्याही घरात ठरलं असतं तेच ठरलं : उष्णता झालीय. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. दोन दिवसांत लघवी पिवळी झाली. आईला वाटलं गुण आला. मलाही तसंच वाटलं.

जूनमध्ये पुन्हा तेच. या वेळी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. लघवी तपासायला दिलीच नाही. इन्फेक्शन असेल म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. गोळ्या लागू पडल्या म्हणून आम्ही निर्धास्त.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी रात्री अण्णा अंगणात येरझाऱ्या घालताना दिसले. संध्याकाळपासून लघवीतून रक्ताच्या गाठी पडत होत्या. जांभळाच्या सालीसारखे काळपट तुकडे. अकरा वाजल्यापासून एक थेंब उतरत नव्हता. ओटीपोट टणक झालं होतं. चौतीस वर्षं पोती उचललेला माणूस, पण भिंतीला डोकं टेकून रडत होता. रात्री दीडला १०८ ला फोन केला आणि मिरजेला नेलं. नळी घातली, पिशवी धुतली, सकाळी सोनोग्राफी. मूत्राशयात गाठ. कमरेत भूल देऊन दुर्बिणीतून काढली, पोटावर एक टाका नाही. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण तो पिशवीच्या आतल्या अस्तरापुरता होता, मांसल थरात गेलेला नव्हता.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं तेच मला इथं सांगायचंय. मूत्राशयातल्या गाठीतून येणारं रक्त पुष्कळदा असंच येतं : दुखत नाही, एक-दोन दिवस येतं, आपोआप थांबतं, आठवडे-महिने येत नाही. ते थांबायच्या वेळी आपण जे काही देत असतो, धने-जिरे म्हणा, गोळ्या म्हणा, त्याला श्रेय जातं. मार्चमध्ये सब्जानं रक्त थांबलं नव्हतं आणि जूनमध्ये गोळ्यांनीही नव्हतं. ते त्याच्या वेळेला थांबलं, आत गाठ वाढत राहिली.

"दुखत नाही ना, मग काही नाही," हे वाक्य मी स्वतः आईला म्हटलंय. आता कळतं की मोठ्या माणसात न दुखता लघवीतून रक्त जाणं हीच जास्त काळजीची गोष्ट. दुखलं असतं तर आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो असतो.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ११.०२

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचे चुलते, वाळव्याला असतात, वय ५८. दिवाळीत एकदा आणि आता पंधरा दिवसांपूर्वी एकदा लघवी लाल झाली होती. दोन्ही वेळा एका दिवसात थांबली. सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल आलं. तंबाखू खातात आणि सिगारेटही आहे. सोनोग्राफी नॉर्मल म्हटल्यावर आम्ही विषय सोडून दिला होता. अजून काही करायला पाहिजे का?

सिस्टर_मिरज | शनिवार, सकाळी ७.४०

नाईट करून आत्ताच आले, पण हे वाचून आधी उत्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. युरोलॉजी, म्हणजे मूत्रमार्गाच्या आजारांच्या, वॉर्डात बरीच वर्षं नोकरी केली, त्या अनुभवावर सांगते.

कृष्णाकाठ, तुमच्या काकांची तपासणी पूर्ण झालेली नाही. सोनोग्राफीत किडनीतली गाठ, खडा, प्रोस्टेटचा आकार चांगला कळतो. मूत्राशयातली मोठी गाठही दिसते, पण त्यासाठी पिशवी भरलेली लागते. लहान किंवा अस्तराला चपटी चिकटलेली गाठ सोनोग्राफीतून निसटू शकते. म्हणून वय जास्त, तंबाखू-सिगारेटची सवय आणि डोळ्यांना दिसलेलं रक्त, एवढं जमलं की युरोलॉजिस्ट दुर्बीण टाकून पिशवी आतून बघतात. त्याला सिस्टोस्कोपी म्हणतात. किडनी आणि तिथून पिशवीपर्यंतच्या नळ्या, या वरच्या मार्गासाठी बहुतेकदा कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध सोडून केलेला, सीटी स्कॅन सांगतात. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, बघतात, कारण त्या औषधाचा किडनीवर ताण येऊ शकतो. दुर्बिणीला माणसं फार घाबरतात. नुसती बघायची दुर्बीण जेली लावून काही मिनिटांत होते. नंतर एक-दोन दिवस जळजळ राहते, लघवी थोडी गुलाबी होते.

बिडी-सिगारेटचा आणि मूत्राशयाचा काय संबंध, असं नातेवाईक नेहमी विचारतात. धुरातली विषारी द्रव्यं फुफ्फुसातून रक्तात जातात, किडनी ती गाळते आणि लघवीत सोडते, आणि ती लघवी पिशवीत तासन् तास साठून राहते. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसचं मूळ धूम्रपानात असतं. रंग, रबर, चामडं यांच्या कारखान्यांतल्या काही रसायनांनीही हा धोका वाढतो. काका अशा कामावर कधी होते का, ते डॉक्टरांना नक्की सांगा.

पण लघवीतून रक्त म्हणजे कॅन्सरच, असं कुणी धरून बसू नका. आमच्याकडं येणाऱ्यांत खडा, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट हेच जास्त असतात. फक्त कुठलं आहे ते घरी बसून ओळखता येत नाही.

आणि रात्री-अपरात्री न थांबता कधी निघायचं, तेवढं लक्षात ठेवा. गाठी पडायला लागल्या किंवा लघवी अडली, तर लगेच. अण्णांना झालं ते क्लॉट रिटेन्शन. गाठी तोंडाशी अडकतात, अशा वेळी पाणी पीत राहिलं तर पिशवी आणखी तटते. आम्ही तीन तोंडांची नळी घालतो, एका वाटेनं सलाईन सोडतो, दुसरीनं धुऊन बाहेर येतं. बाटल्यांवर बाटल्या जातात, तेव्हा कुठं डाळिंबाच्या रसासारखा रंग कोकम सरबतावर येतो. थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली दुखणं असेल तरी थांबायचं नाही. चक्कर येऊन अंग पांढरं पडलं, गाडीवरून पडून किंवा जनावरानं मारून कमरेला मार लागला, बाई गरोदर आहे, या सगळ्यांत त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना.

अजिंक्यतारा | शनिवार, सकाळी ९.२५

भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. मागच्या रविवारी पोरांच्या नादानं साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट पळत चढला आणि उतरला. दुपारी लघवी चहासारखी तांबडी-तपकिरी झाली. दुसऱ्या दिवशी साफ. आता पळतोय पुन्हा. काळजी करावी का?

काचपट्टी | शनिवार, सकाळी ११.१०

मी लॅब टेक्निशियन आहे. रोज सकाळ लघवीच्या बाटल्यांतच जाते, म्हणून या धाग्यावर थोडं सविस्तर लिहितो.

अजिंक्यतारा, लांब पल्ल्याच्या पळण्यानंतर लघवीत रक्तपेशी येऊ शकतात. विश्रांती घेतली की साधारण दोन-तीन दिवसांत त्या जातात. भावाला तीन दिवस पळणं थांबवून लघवी तपासायला सांगा. तेव्हा स्वच्छ आली तर बरं. पळणं बंद असूनही पेशी दिसल्या तर "पळण्यामुळं" हे कारण पुरणार नाही.

पण तपकिरी रंगाची दुसरी एक गोष्ट आहे आणि ती भरतीच्या पोरांनी ऐकलीच पाहिजे. सवय नसताना एकदम जबर व्यायाम झाला, त्यात ऊन आणि पाणी कमी, तर स्नायू फाटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन लघवीत उतरतं. लघवी कोलासारखी होते, मांड्या-पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना उतरता येत नाही. यात किडनी बंद पडू शकते. अशा वेळी विश्रांती घेऊन बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

लॅबमध्ये हे कसं कळतं ते सांगतो. आम्ही आधी रंगीत चौकोनांची पट्टी लघवीत बुडवतो. रक्ताचा चौकोन हिरवा झाला म्हणजे रक्तपेशी आहेतच असं नाही, कारण ती पट्टी मायोग्लोबिनलाही हिरवी होते. मग नमुना फिरवून खाली बसलेला गाळ काचपट्टीवर घेतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. पेशी दिसल्या तर रक्त. पट्टी हिरवी आणि पेशी नाहीत, तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. म्हणून नुसत्या पट्टीचा रिपोर्ट घेऊन समाधान मानू नका, "मायक्रोस्कोपी केली का?" असं विचारा.

रिपोर्टमध्ये आरबीसी, म्हणजे तांबड्या रक्तपेशींपुढं ०-२ असेल तर ठीक. ३ किंवा जास्त असतील तर डोळ्यांना लघवी स्वच्छ दिसत असली तरी त्यात रक्त आहे असं धरतात. 'प्लेंटी' लिहिलं असेल तर पेशी मोजण्यापलीकडं आहेत. शेजारी पस सेल्सचा, म्हणजे पूच्या पेशींचा, आकडा बघा. तोही वाढलेला असेल तर संसर्गाची शंका येते, मग कल्चर लावतात, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये उगवून बघतात. कल्चरचा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्यायचा. गोळ्या सुरू झाल्यावर दिला तर जंतू उगवत नाहीत आणि सगळेच चाचपडत राहतात. ताईंच्या अण्णांच्या बाबतीत जूनमध्ये एवढी साधी तपासणी झाली असती तर बरंच कळलं असतं, याचं मला फार वाईट वाटलं.

नमुना देताना जागा धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या आणि तासाभरात लॅबला पोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत बाटली दोन तास ठेवली तर पेशी फुटतात.

लाल दिसलेलं सगळंच रक्त नसतं. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिननं केशरी-लाल होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं. त्या गोळ्या घाबरून बंद करू नका. उलटीकडून हेही खरं की एक लिटर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग बदलतो. म्हणून रंग किती गडद यावरून आजार किती मोठा, हे ठरवता येत नाही.

माणदेशी_सून | शनिवार, दुपारी २.३०

माझ्या नणंदबाई ५३ वर्षांच्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली. वर्षभरात चार वेळा लघवीला लाल झालं, चारही वेळा मेडिकलमधून उन्हाळी लागल्याच्या गोळ्या आणल्या. आटपाडीहून सांगलीला यायचं म्हणजे एक दिवस मोडतो, आणि "बायकांचं असतंच" म्हणून घरात कुणी मनावर घेत नाही. रक्त लघवीतून येतं की अंगावरून जातं हेच त्यांना नक्की सांगता येत नाहीये.

सिस्टर_मिरज | शनिवार, दुपारी ४.०५

त्यांना या आठवड्यातच आणा. बायकांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो हे खरं, आणि त्या खरेपणाआड दुसरे आजार लपतात. चार वेळा गोळ्या झाल्या, एकदाही कल्चर नाही, म्हणजे संसर्ग होता हेसुद्धा कुणी बघितलेलं नाही. संसर्गाचं रक्त असेल तर सहसा सोबत जळजळ असते, सारखं जावंसं वाटतं. औषध पूर्ण झाल्यावर लघवी पुन्हा तपासून रक्त गेलंय याची खात्री करायची असते, तीच पायरी सगळे गाळतात.

रक्त कुठून येतं ते कळायला घरी एक करता येईल. आतल्या कपड्यात स्वच्छ पॅड ठेवा. लघवी करताना रंग दिसला आणि पॅड कोरडं राहिलं तर बहुधा लघवीतून. पॅडवर डाग पडला तर अंगावरून. पण पाळी गेल्यावर अंगावरून डाग जाणं हेसुद्धा लगेच दाखवायचं लक्षण आहे, तिथं गर्भाशय तपासावं लागतं. म्हणजे उत्तर काहीही आलं तरी दवाखान्याला यायचंच आहे. येताना मागच्या चारही वेळच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा.

द्राक्षबाग | शनिवार, रात्री ८.५०

माझं सांगतो. तासगावकडं बाग हाय. छाटणीच्या दिवसांत पाणी प्यायचं भान राहत न्हाई. दोन वर्षांमागं पाठीतनं जांघेपर्यंत अशी कळ आली की बांधावरच लोळलो. लघवी तांबडी. मुतखडा ९ एमएमचा. आईनं हुलग्याचं माडगं, पानफुटीचा रस, सगळं केलं. आठ दिवसांनी कळ गेली, मला वाटलं खडा पडला. पडला नव्हता. महिन्यानं थंडी वाजून ताप आला तवा कळलं की खडा नळीत अडकलाय, वरची किडनी फुगलीय अन् त्यात पू झालाय. आधी लघवीच्या नळीत स्टेंट, म्हंजे बारीक पोकळ नळी, टाकला, मग खडा काढला. डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस घरी काढले असते तर जीवावर बेतलं असतं.

हुलगं पिऊ नका असं म्हणत न्हाई, आमच्यात अजूनही करत्यात. ५ एमएमच्या आतला खडा बऱ्याचदा पाण्यानं आपणच पडतो. पण कळ थांबली म्हंजे खडा पडला असं समजू नका. परत सोनोग्राफी करून बघाच. खडा अन् ताप एकत्र आलं तर रात्र काढू नका, भावांनो.

कोरेगावची_आई | शनिवार, रात्री ९.३५

मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा सात वर्षांचा मुलगा. पायाला खरजेचे फोड आले होते, खाजवून चिघळले, मलम लावून वाळले. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी सकाळी उठला तेव्हा डोळ्यांखाली सूज. मला वाटलं झोप झाली नसेल. दोन दिवसांनी शाळेतून आला आणि म्हणाला, "आई, माझी शू कोकाकोलासारखी झालीय." पायात मोजे घालतो तिथं खोलगट वळ उमटला होता, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा.

साताऱ्यात बालरोगतज्ज्ञांनी सगळ्यात आधी बीपी मोजलं. एवढ्याशा मुलाचं बीपी वाढलेलं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. घशाच्या जंतुसंसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी किडनीच्या गाळण्यांना सूज येते, त्यातून रक्त आणि प्रथिनं गळतात, असं त्यांनी समजावलं. मीठ कमी, पाणी मोजून, बीपीचं औषध, रोज वजन. दहा दिवसांत सूज उतरली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं रक्त मात्र पुढं काही महिने येत राहिलं, ते तसं येऊ शकतं म्हणाले, पण तपासण्या चुकवू दिल्या नाहीत.

काचपट्टी | शनिवार, रात्री १०.२०

कोरेगावच्या ताईंनी फार मोलाचं लिहिलं. किडनीच्या गाळणीतून येणाऱ्या रक्ताला रंग लाल कमी आणि तपकिरी जास्त असतो, गाठी बहुधा पडत नाहीत, फेस येतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी वेड्यावाकड्या दिसतात, कारण गाळणीतून पिळून आलेल्या असतात. रिपोर्टमध्ये 'आरबीसी कास्ट' (रक्तपेशींचे नळीसारखे साचे) किंवा प्रोटीन ++ असं काही असेल तर युरोलॉजिस्टच्या ऐवजी नेफ्रॉलॉजिस्टकडं, म्हणजे किडनीच्या आजारांच्या डॉक्टरांकडं, जावं लागतं. मोठ्यांतही घसा दुखल्यावर एक-दोन दिवसांत तांबडी लघवी होणारा एक आजार आहे, आयजीए नेफ्रोपथी. तो तरुणांत आढळतो.

उसाचा_फड | रविवार, सकाळी ६.५५

एक गोष्ट राहिली. पाचटात घोणस चावली आणि पुढं काही तासांत लघवी लाल झाली किंवा हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर विष रक्ताच्या गोठण्यावर गेलंय. आमच्या टोळीतल्या एकाला पहाटे पायाला चावलं, फुरसं की घोणस कळलं नाही. ग्रामीण रुग्णालयात त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. नळी तिरकी केली तर पाण्यासारखं वाहिलं. लगेच सर्पविषाची लस सुरू केली. माणूस वाचला, पण किडनीसाठी चार वेळा डायलिसिस लागलं. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडं नेऊ नका. पाय हलू न देता गाडीत घाला आणि निघा.

वाईकर_आजोबा | रविवार, सकाळी १०.३०

माझी अँजिओप्लास्टी झाली आहे. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. परवा एकदा लघवी लालसर झाली. गोळीमुळेच असणार म्हणून गोळी बंद केली. बरोबर केले ना?

सिस्टर_मिरज | रविवार, सकाळी १०.४८

आजोबा, गोळी स्वतःच्या मनानं बंद ठेवू नका. आत्ताच तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट असताना त्या गोळ्या थांबल्या तर तो बंद पडून झटका येऊ शकतो. किती दिवस चुकली ते त्यांना खरं सांगा. आणि रक्ताला गोळी हे कारण समजून थांबू नका. आत कुठं गाठ किंवा खडा असेल तर गोळीमुळं ते लवकर उघडं पडतं एवढंच. गोळ्या चालू असणाऱ्यांचीही तपासणी इतरांसारखीच पूर्ण करतात.

वाईकर_आजोबा | रविवार, दुपारी १२.१५

फोन झाला. गोळी आजच घेतली. मंगळवारी लघवी आणि सोनोग्राफी सांगितली आहे. आभारी आहे बेटा.

हळदपेठ | रविवार, रात्री ९.१०

एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी खर्चाचं विचारलंय म्हणून लिहिते. आमचं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झालं. रेशनकार्ड आणि आधार लागलं. योजनेत बसलेल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो, भरती व्हायच्या आधी त्याला गाठा. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. बाहेरून केलेल्या काही तपासण्यांचे पैसे मात्र आमच्या खिशातून गेले. सांगली-मिरजेची दोन्ही सिव्हिल, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, इथं पहिल्या तपासण्या नाममात्र पैशात होतात. पैशासाठी पहिली लघवी तपासणी तरी अडवू नका.

ऑपरेशननंतर अण्णांना पिशवीत बीसीजी दिलं. लहान बाळांना दंडावर टोचतात तीच टीबीची लस, ती नळीतून पिशवीत सोडतात. आठवड्याला एक, असे सहा आठवडे. ती दोन तास आत धरून ठेवायची. पुढचे सहा तास लघवी बसूनच करायची, भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी. आई दर मंगळवारी संडासाबाहेर ब्लीचची बाटली आणि भिंतीवरचं घड्याळ काढून घेऊन बसायची. त्या दिवशी संध्याकाळी अण्णांना कणकण यायची, लघवीला आग व्हायची. सहापैकी एकही डोस चुकवला नाही.

बिडी ऑपरेशनच्या आदल्या रात्री सुटली. बंडल अजून देवळीत तसंच आहे, आई टाकू म्हणते, अण्णा टाकू देत नाहीत. हा आजार पुन्हा उगवायची सवय असलेला आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी दुर्बीण. पुढची ऑक्टोबरमध्ये.

नणंदबाईंचं काय झालं, माणदेशी_सून?

माणदेशी_सून | रविवार, रात्री ९.४०

हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. बुधवारी गाडी करून आणतोय. पाकिटं शोधली, तीन सापडली.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०.०५

काकांना सांगितलं. दुर्बिणीचं नाव काढल्यावर नाही म्हणाले. त्यांना वाटतं नळी घालतात म्हणजे माणूस संपला. काकूही घाबरल्यात. कसं समजवायचं कळत नाही. माझं ऐकत नाहीत, मी पोरगाच पडतो त्यांच्यापुढं.

हळदपेठ | रविवार, रात्री १०.२०

काकांचा नंबर मला निरोपातून पाठवा. अण्णा शेजारीच बसलेत, तुमचं लिहिलेलं ऐकलं. म्हणतायत, "मी बोलतो त्यांच्याशी. माझ्या तीन झाल्यात."

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८.१५

ताई, अण्णा आणि काका रात्री पाऊण तास बोलले. काय बोलले ते काकांनी कुणाला सांगितलं नाही. पहाटे उठून स्वतःच रेशनकार्ड पिशवीत घातलंय. आज अंघोळीआधी लघवी पुन्हा थोडी लाल होती, या वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. साडेआठची एसटी पकडतोय, अकरापर्यंत मिरजेत पोचू.

सिस्टर_मिरज | सोमवार, सकाळी ८.२२

फोटो काढलात ते फार बरं केलंत, डॉक्टरांना तो आधी दाखवा. काकांना पाणी पिऊन यायला सांगा, सोनोग्राफी पुन्हा करायची म्हटले तर पिशवी भरलेली असू दे. माझी आज दुपारची ड्यूटी आहे. ओपीडीचा कागद झाला की मला निरोप करा.